एका खारीची घरे

चित्रकारबाईंच्या त्या पत्राला मी उत्तर दिले नाही. पत्र आले तेव्हा मी संग्रहालयाच्या ग्रंथालयात टेबलापाशी उभा होतो आणि ते उभ्याउभ्याच वाचले होते. वाचल्यावर मात्र खाली बसलो.

पत्र मोठे नव्हते. प्राण्यांवरचे माझे पुस्तक नुकतेच छापून आले होते. त्यातली चित्रे बाईंची होती. डोंगरखारीच्या प्रकरणात एक गोष्ट साफ चुकली आहे, असे त्यांनी लिहिले होते. "तुम्ही घरटी मोजून खारी सांगितल्या आहेत. मी एक अख्खा हंगाम त्या झाडांखाली बसले आहे. एकच खार पाच-सहा घरटी बांधते आणि राहते एकटी. तुम्ही प्रत्येक घरट्यात एकेक कुटुंब नेऊन बसवलेत. हे दुरुस्त करणारे एक वाक्य तुमच्या सहीने मला पाठवा. बाकीची धावपळ मी करीन." खालच्या मोकळ्या जागेत त्यांनी शाईने एक खार काढली होती. फांदीवर आपल्याकडे पाठ करून बसलेली, शेपटी सरळ खाली सोडलेली.

मी पत्राची घडी केली आणि उद्या उत्तर लिहू असे ठरवले. त्या उद्याला तीस वर्षे उलटून गेली.

चूक कशी झाली ते सांगणे सोपे आहे, म्हणूनच लाज वाटते. मी ग्रंथपाल होतो. डोंगरात कधी गेलो नव्हतो. चढणीची भीती, अनोळखी माणसांची त्याहून जास्त. वनखात्याच्या चौक्यांना मी कार्डे छापून पाठवली, त्यांनी दिसलेली घरटी मोजून कार्डे परत पाठवली. आता घरट्यांवरून खारी कशा काढायच्या? माझ्या मागच्याच कपाटात शिरगणतीचे जाडजूड ग्रंथ होते. त्यात पद्धत दिलेली होती: घरे मोजा, दर घरी अमुक माणसे धरा, गुणाकार करा. मी दर घरट्यात आईबाप आणि एक पिल्लू धरले. भागाकार करायचा तिथे गुणाकार केला, आणि शेवटी ऐटीत लिहिले, "ही खार या डोंगरांत मुबलक आहे."

पुस्तक चांगले चालले. पुढे संरक्षित प्राण्यांच्या यादीतून डोंगरखारीचे नाव गेले. कारण म्हणून माझे ते वाक्य जसेच्या तसे दिले होते. मग पश्चिमेच्या उतारावरचे जंगल तुटले. ती बातमी मी वर्तमानपत्रात वाचली आणि पान उलटले. पलीकडच्या पानावर काय होते ते मला आजही आठवते, शब्दकोडे होते. मी ते सोडवले.

उत्तर लिहायला बसलो नाही असे नाही. पहिल्या खर्ड्यात मी इतका रडलो होतो की तो मलाच वाचवेना. दुसऱ्यात इतके संदर्भ दिले की चूक बाईंचीच वाटावी. संचालकांना विचारले, तर ते म्हणाले, "पुस्तक खपतंय ना? मग खपली कशाला काढताय?" मी मान डोलावली. आपल्या भित्रेपणाला वरिष्ठांची परवानगी मिळाली की तो भित्रेपणा राहत नाही, शिस्त होते. संचालक वारले, मी निवृत्त झालो, तरी शिस्त सुटली नाही.

आता मी आणि माझी थोरली बहीण असे दोघेच राहतो. ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. आयुष्यभर कानाला लोकांचे बोलणे लावून बसलेली, त्यामुळे गप्प माणसाची तिला चीड आहे. जेवताना मी बराच वेळ बोललो नाही की ती चमचा ताटावर वाजवते आणि म्हणते, "लाइन चालू आहे, माणूस बोलत नाही."

मागच्या महिन्यात दारावरची घंटा वाजली. ताईने दार उघडले. रस्ते खात्याचा एक तरुण इंजिनिअर होता. बूट बाहेर काढू की नको या विचारात तो एका पायावर उभा होता. हातात माझे पुस्तक होते, कोपरे झिजलेले, पाठीला चिकटपट्टी लावलेली.

"सर, हे मला शाळेत बक्षीस मिळालं होतं," तो म्हणाला. "मी हे पाठ केलंय. खरंच. कुठलंही पान काढा."

माझ्या पुस्तकाचा वाचक मी घरात आलेला प्रथमच पाहत होतो. ताईने त्याला खुर्ची दिली आणि माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. नंतर ती म्हणाली की त्या वेळी माझा चेहरा परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखा झाला होता. तसा झाला असेल. साधारण चहा संपेपर्यंत.

चहा संपल्यावर त्याने काम सांगितले. डोंगरातून जाणारा रस्ता रुंद करायचा होता. खिंडीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंची जुनी झाडे त्यासाठी काढावी लागणार होती. खिंड म्हणजे दोन डोंगरांमधला सांधा. पश्चिमेचे जंगल गेल्यापासून एका डोंगरावरच्या खारींना दुसऱ्यावर जायला तेवढीच वाट उरली होती, कारण ही खार जमिनीवर सहसा उतरत नाही. ते त्यालाही माहीत होते. माझ्याच पुस्तकातून.

"पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे," तो म्हणाला. "एक वयस्कर चित्रकार बाई दर वेळी हरकत घेतात. घरटी वेगळी आणि खारी वेगळ्या, असं काहीतरी. अधिकारी विचारतात, कागद काय आहे? कागद त्यांच्याकडे नाही. आमच्याकडे तुमचं पुस्तक आहे. तरी या वेळी साहेब म्हणाले, लेखक हयात आहेत तर एक पत्र घ्या. 'संख्या अजूनही ग्राह्य आहे', एवढंच. म्हणजे प्रकरण मिटेल."

"बाई अजून तिथेच असतात?" मी विचारले.

"घाटाच्या पायथ्याला. तुम्ही ओळखता त्यांना?"

मी चष्मा पुसायला घेतला. ताई माझ्याकडे बघत होती. तीस वर्षे बाई प्रत्येक सुनावणीला रिकाम्या हाताने जात होत्या आणि तो हात मी रिकामा ठेवला होता. हे मला ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. मी ते विचारले नव्हते, एवढेच.

नाही म्हणणे मला कधी जमले नाही. पण त्या दिवशी हो म्हणणेही जमेना. मी म्हणालो, "एकदा जागा बघितली असती तर बरं झालं असतं." वेळ काढण्यासाठी म्हणालो होतो. त्याला इतका आनंद झाला की तो उभाच राहिला. "उद्या सकाळी जीप घेऊन येतो, सर. तुमच्याबरोबर खारी बघायच्या म्हणजे..."

तो गेल्यावर ताई कपबशा उचलताना म्हणाली, "बाई म्हणजे त्याच का रे, ज्यांचं पत्र तू शब्दकोशात घालून ठेवलंयस?"

"तू माझं पत्र वाचलंस?"

"धूळ झटकताना पडलं. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांचं बोलणं ऐकून विसरले, एवढा एक कागद वाचून विसरायला काय झालं. पण खारीचं चित्र विसरता आलं नाही. पाठ फिरवून बसलीये ती."

दुसऱ्या दिवशी आम्ही खिंडीत पोचलो तेव्हा उन्हे वर आली होती. घाटात मी दोनदा डोळे मिटून घेतले. इंजिनिअरने रस्त्याच्या कडेला माझ्यासाठी घडीची खुर्ची मांडली आणि स्वतः दगडावर बसला. डोक्यावर दोन्ही बाजूंच्या फांद्या एकमेकींत शिरल्या होत्या. रस्ता सावलीत होता. प्रत्येक खोडावर पांढऱ्या रंगाने आकडा घातला होता.

"ते बघा," त्याने बोट दाखवले. "ते एक घरटं. ते दुसरं. तिकडे शेंड्याला तिसरं. आणि रस्त्यापलीकडे दोन. सर, तुमचं पुस्तक शंभर टक्के खरं आहे."

घरटी म्हणजे काटक्यांचे आणि पानांचे मोठे गोळे होते, बारीक फांद्यांच्या टोकाला, जिथे जड जनावर पोचणार नाही अशा जागी. मी त्यांची वर्णने इतक्यांदा वाचली होती की ती ओळखीच्या माणसाच्या घरासारखी वाटली. पण त्यांच्यात राहणारी कधी पाहिली नव्हती. माझी डोंगरखार म्हणजे संग्रहालयाच्या काचपेटीतली, पेंढा भरलेली. पेटी अरुंद होती. त्यात मावावी म्हणून पेंढा भरणाऱ्याने तिच्या शेपटीत तार घालून ती पाठीवर वळवली होती. बाईंनी जंगलातून चित्र आणले तेव्हा त्यात शेपटी सरळ खाली लोंबत होती. मी ते काचपेटीशी ताडून पाहिले आणि त्यांना सांगितले, "शेपटी चुकली आहे." त्या काही वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तारेची शेपटी काढून दिली. पुस्तकात तीच आहे.

बऱ्याच वेळाने पाने हलली. तांबूस रंगाचा एक लांब प्राणी फांदीवर आला आणि बसला. शेपटी सरळ खाली सोडून. तोल सांभाळायला ती तशीच लागते. हे बघायला कुठल्या ग्रंथाची गरज नव्हती.

"एक," इंजिनिअर कुजबुजला आणि त्याने अंगठा दुमडला.

खार मागच्या पायांनी उलटी लोंबकळली, एक फळ कुरतडले, अर्धे टाकून दिले. मग कोवळी डहाळी दातांनी तोडून ती पहिल्या घरट्यात घेऊन गेली. आत थोडी खुडबुड झाली. इंजिनिअरने आणलेल्या दुर्बिणीतून मला तिचा डावा कान दिसला. तो मुळाशी फाटलेला होता, पानाचा तुकडा किड्याने खावा तसा.

ती पानांआड गेली. थोड्या वेळाने शेंड्याच्या घरट्यापाशी खार दिसली.

"दोन," इंजिनिअर म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता.

मी दुर्बीण लावली. डावा कान फाटका होता. मग ती आमच्या डोक्यावरून, फांदीवरून फांदीवर, रस्ता ओलांडून गेली. मधल्या एका जागी तिने उडी घेतली आणि मी खुर्चीतून अर्धा उठलो. पलीकडच्या झाडावर पोचल्यावर ती पुन्हा पानांत शिरली. काही वेळाने तिकडच्या घरट्यातून तोंड बाहेर आले.

"तीन, सर. आणि अजून दुपारही झाली नाही."

त्याची तीन बोटे दुमडलेली होती. माझ्या गुणाकाराला हात-पाय फुटून तो माझ्या शेजारी दगडावर बसला होता, प्रेमाने मोजत होता. त्याला मीच शिकवले होते. मला वाटले, संध्याकाळी सांगू. पत्र लिहून सांगू. उद्या सांगू.

"ती एकच आहे," मी म्हणालो.

"काय म्हणालात, सर?"

"एकच आहे. कान बघा. डावा."

मी दुर्बीण त्याच्या हातात दिली. त्याने बराच वेळ बघितले. मग आम्ही दोघेही तिथेच बसून राहिलो. उन्हे कलेपर्यंत फाटक्या कानाची खार सगळ्या घरट्यांत जाऊन आली. एकाची डागडुजी केली, एकात झोप काढली, एक नुसतेच हुंगून सोडून दिले. त्या घरट्याच्या काटक्या वाळल्या होत्या. दुसरी खार दिसली नाही. शेवटी ती रस्त्यापलीकडच्या घरट्यात शिरली आणि बाहेर आली नाही. उरलेली घरे रिकामीच होती.

इंजिनिअरने हात उघडला, आपल्याच बोटांकडे पाहिले. "पण सर, पुस्तकात..."

"पुस्तक मी लिहिलंय," मी म्हणालो. "खार मी आज पहिल्यांदा पाहतोय."

तो उठून रस्त्याच्या कडेपर्यंत गेला आणि परत आला. "तुम्हाला कधी कळलं हे?"

आज कळले, असे म्हणता आले असते. त्याने विश्वासही ठेवला असता. "पुस्तक छापल्यावर थोड्याच दिवसांत," मी म्हणालो. "त्या बाईंनी पत्र लिहिलं होतं. नंतर आमच्याच ग्रंथालयात एका जुन्या पुस्तकाच्या तळटिपेतही सापडलं. मी ते पुस्तक आधी वाचलेलं होतं. तळटीप सोडून."

"आणि मी प्रत्येक मीटिंगमध्ये ते वाक्य वाचून दाखवतो," तो म्हणाला. तो रागावला होता, आणि राग काढावा की नाही हे त्याला ठरवता येत नव्हते. म्हाताऱ्या माणसावर नीट रागावताही येत नाही. तेवढी एक सवलत मला वयाने दिली होती आणि ती घेताना मला शरम वाटली.

माझ्या घरापाशी जीप थांबवल्यावर त्याने मागच्या सीटवरून पुस्तक उचलले. "सकाळी तुमची सही घ्यायची राहिली," तो म्हणाला. मग, "राहू द्या आता."

मी पुस्तक मागून घेतले. पहिले पान न उघडता डोंगरखारीचे प्रकरण काढले. 'मुबलक आहे' हे वाक्य पेनने खोडले, बाजूला लिहिले, "ही घरट्यांची संख्या आहे, खारींची नव्हे. त्यातही मी ती चुकीने वाढवली आहे." खाली सही केली. सही माझीच वाटत होती.

त्याने ते वाचले. "आता हे साहेबांना दाखवायची माझी पंचाईत," तो म्हणाला. "झाडांवरचे आकडेसुद्धा मीच घालून घेतलेत, सर." पुस्तक बंद करून त्याने ते पुढच्या सीटवर, आपल्या शेजारी ठेवले आणि जीप चालू केली. तो काय करणार ते मी विचारले नाही. विचारायचा हक्क मला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उत्तर लिहायला बसलो. दुपारपर्यंत पाने भरली. त्यात माझा स्वभाव होता, संचालक होते, माझे बालपणही कुठून तरी आले होते. ताई चष्मा लावून वाचत गेली आणि पानागणिक तिचे ओठ घट्ट होत गेले.

"हे कोणासाठी लिहिलंयस?" तिने विचारले.

"बाईंसाठी."

"छे. हे तू तुझ्यासाठी लिहिलंयस. त्यांनी वाचायचं आणि पुन्हा तुझीच समजूत घालायची. त्यांनी मागितलं काय होतं?"

"एक वाक्य. सहीने."

"मग एक वाक्य पाठव की. एवढा वेळ लाइन अडवून ठेवलीस, आता निदान काम तेवढं बोल."

मी नवा कागद घेतला. "माझ्या पुस्तकात डोंगरखारींची म्हणून दिलेली संख्या ही त्यांच्या घरट्यांवरून मी चुकीने गुणाकार करून काढलेली आहे, एक खार अनेक घरटी बांधते व एकटी राहते, म्हणून माझ्या पुस्तकाच्या आधारे ही खार मुबलक आहे असे कोणीही म्हणू नये." खाली सही, तारीख. हे एका कागदावर.

दुसऱ्या छोट्या कागदावर बाईंसाठी लिहिले, "हे फार उशिरा पाठवतो आहे. पश्चिमेच्या उतारासाठी ते उपयोगाचे नाही, हे मला माहीत आहे. खिंडीसाठी चालले तर चालवा. सुनावणीत मला उभे करायचे असेल तर येईन. मला बोलता येत नाही, पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देईन. काल मी तिला पाहिले. शेपटी तुम्ही आधी काढली होती तशीच असते."

माफी मागणारी ओळ मी तीनदा लिहिली आणि तीनदा काढली. शेवटी ती नाहीच. बाईंनी ती मागितली नव्हती, आणि न मागितलेली वस्तू पाठवून बदल्यात काही मिळेल अशी आशा धरणे मला बरे वाटेना. खरे म्हणजे आशा होती. म्हणूनच ओळ काढली.

पोस्टात ताई बरोबर आली. मी वाटेतून परत फिरेन अशी तिला खात्री होती, आणि ती अगदीच चुकीची नव्हती. रांगेत दोघे-तिघे होते. माझी पाळी आली तेव्हा मी पाकिटावरचा पत्ता पुन्हा वाचला. तो मी बाईंच्या पत्रावरून उतरवला होता. इतक्या वर्षांनी तेच घर, तोच पायथा. खिडकीतल्या मुलीने पाकीट ओढून घेतले, वजन केले, शिक्का मारला आणि मागच्या पोत्यात टाकले. इतके पटकन झाले की माझा हात काउंटरवर तसाच राहिला.

"समजा, परत घ्यायचं झालं तर?" मी विचारले. माझ्या तोंडून ते कसे निघाले मला कळले नाही.

"अर्ज करावा लागतो, आजोबा," ती म्हणाली. "पोतं बाहेर जायच्या आत. देऊ का अर्ज?"

ताईने माझ्या खांद्यावरून डोके पुढे काढले. "नको," ती म्हणाली. "त्याला कोरा कागद देऊ नका. तीस वर्षं लागतात त्याला."

मुलगी हसली आणि माझ्या मागच्या माणसाकडे बघून म्हणाली, "पुढे या." मी बाजूला झालो. आतून एका माणसाने पोत्याचे तोंड बांधले, ते खांद्यावर घेतले आणि मागच्या दाराने गाडीकडे नेले.